दोन हात लांब, एक हात रुंद

मंडळीच्या कमिटीनं साग सुचवला होता.
बाबा म्हणाले, त्या रानात साग कुठला?
चाळीस वर्षं वाळू तुडवणाऱ्यांना
जे झाड भेटलं ते त्यांनी तोडलं,
बाभूळ.

कुंभारीच्या पुढं, विडीवाल्या बायकांची घरं संपून
शेळ्यांचं राज्य सुरू होतं,
तिथनं एक खोड टेंपोत घालून आणलं त्यांनी
काट्यांसकट.
वखारवाला हसला:
शांतवनमिस्त्री, बाभळीचा नांगर होतो,
चाकाचा तुंबा होतो, जळण होतं.
देवाचं मेज?

पावसाळाभर खोड विहिरीत बुडून राहिलं.
मग शेडच्या सावलीत वाळलं, तडकलं थोडं.
करवत घातली तर आतून लालसर,
पेरूच्या फोडीसारखं.
रंध्याच्या पात्याला दिवसातून चारदा धार लावायची.
बाबा चिडायचे नाहीत.
हे लाकूड सोपं असतं, म्हणायचे,
तर त्यानं मागितलंच नसतं.

माप शास्त्रातलं:
दोन हात लांब, एक हात रुंद, दीड हात उंच.
हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत.
बाबांच्या मधल्या बोटाला टोक नाही.
कटरनं घेतलं, मी आईच्या पोटात असताना.

त्यांनी टेप गुंडाळून खिशात टाकला.
सलोमे, हात टेक.
मी फळीवर कोपर टेकलं,
बांगड्या मागे सारल्या.
माझ्या नखाला लागून पेन्सिलीची रेघ.
पुन्हा टेक.
पुन्हा रेघ.
मला वाटायचं, त्याचं माप
माणसाच्या मापाहून दांडगं असेल.
ते माझ्या नखातल्या पिठापाशी येऊन थांबलं.

अंतरपट विणला साखर पेठेतल्या राजेशम चिप्पांनी.
निळं सूत, जांभळं, किरमिजी,
आणि पंख पसरलेले करूब.
त्यांच्या मागावर मार्कंडेयाचा फोटो, त्याला कापसाचं वस्त्र.
आमच्या चर्चची पायरी ते कधी चढलेले नव्हते.
त्यांनी एवढंच विचारलं:
दर्शनी बाजू कुठली, मिस्त्री?
लोक इकडून बघणार.
आणि तिकडून?
बाबा जरा थांबले.
तिकडून तो.

मागाची कटाकट चालूच होती.
चिप्पाकाकांनी बटण दाबून ती बंद केली.
मग तिकडं गाठी ठेवून कसं चालंल वो?
जेकार्डचे पत्ते त्यांनी नव्यानं पाडायला दिले.
महिना जास्त गेला, सूत जास्त गेलं,
पैसे वाढवून मागितले नाहीत.
एका अंगाला निळ्यावर किरमिजी पंख,
दुसऱ्या अंगाला किरमिजीवर निळे.
उलटी बाजू सापडेना.

त्या रात्री शेडमध्ये येऊन
बाबांनी तयार मेज पालथं घातलं
आणि खालची बाजू घासायला घेतली.
कोण बघणार आहे तिथं, मी म्हटलं.
ते बोलले नाहीत. कागद घासत राहिले.
आत्तापर्यंत मी त्याला वरच बसवत आले होते,
छताच्या वर, ढगांच्या वर.
त्या रात्री पहिल्यांदा दिसला
मेजाखाली रांगत गेलेल्या लेकरासारखा,
पाय पसरून, मान वर करून,
सांधे बघत बसलेला.

सोन्याच्या पत्र्याला पैसे नव्हते.
जवसाचं तेल लावलं,
आतून, बाहेरून.

उरलेल्या ढलप्या चुलीत गेल्या.
आईनं त्यांच्यावर ज्वारीच्या बारा भाकरी भाजल्या.
बारावी लहान झाली, पीठ पुरलं नाही.
बाभळीचा निखारा फार वेळ टिकतो.
सकाळी राखेत हात घातला तर ऊब होती.

रविवारी सगळे आले.
पाळकसाहेबांनी प्रार्थना लांबवली,
कमिटीवाल्यांनी मेजावर बोटं फिरवली,
सागासारखंच दिसतंय, म्हणाले.

चिप्पाकाका आत आले नाहीत.
मागच्या गल्लीतून, खिडकीचे गज धरून,
चपला काढून,
त्याच्या बाजूनं
पडदा बघून गेले.